मागे राहणाऱ्याच्या चालीनं

यंदा कोजागरीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतच्या महिन्याभरात एक दिवस काढा आणि जुन्या मित्रमैत्रिणींना घेऊन भंडारदऱ्याला जाऊन या. हे मी मुलुंड-घाटकोपरच्या, अंधेरी-बोरिवलीच्या अशा माणसांना सांगतो आहे, ज्यांचे मित्र याच शहरात राहतात आणि तरीही भेट होते ती कुणाच्या लग्नात, नाहीतर कुणाच्या दहाव्याला. एकाच कॉलेजातून बाहेर पडलेले चौघे जण पश्चिम आणि मध्य रेल्वेवर विखुरतात आणि मग वर्षानुवर्षं फोनवर वाढदिवसाचे केक पाठवत राहतात. प्रत्येक जण म्हणतो, एकदा निवांत भेटू या. निवांत वेळ आपल्या वाट्याला आपणहून येत नाही, हे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो ठरवून बाजूला काढावा लागतो.

पावसाळ्यात जाऊ नका, हे आधीच सांगतो. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत अर्धी मुंबई घाटात असते. काजव्यांसाठी गाड्या, धबधब्यांसाठी गाड्या, अरुंद रस्त्यावर दोन-दोन तासांची कोंडी आणि शेवाळलेल्या दगडांवर फोटोसाठी चढलेली पोरं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसकट कोसळला. दोन्ही रविवार होते. ती माणसं काही वाईट हेतूनं गेली नव्हती, तुमच्या-आमच्यासारखीच घरातून डबे घेऊन निघाली होती.

मुंबईतून पाऊस परततो तो साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास, असं हवामान खात्याचं वेळापत्रक सांगतं. त्यानंतर खाली आपल्याकडे उकाडा सुरू होतो, लोकलमध्ये शर्ट अंगाला चिकटतो, आणि वर भंडारदऱ्याच्या अकोले तालुक्यात नेमकं त्याच वेळी आकाश धुऊन निघालेलं असतं. तलाव भरलेला, ओढ्यांचं पाणी निवळलेलं, दूरचे कडे स्पष्ट दिसणारे. उतारांवर सोनकीचा पिवळा रंग अजून शिल्लक असतो, खुरासणीची शेतं फुललेली असतात आणि खाचरांत भात पिकून वाकलेलं असतं. दसऱ्यानंतर हळव्या भाताची कापणी सुरू होते, गरवं भात दिवाळीच्या पुढं जातं. वर्षातला हा सगळ्यात देखणा महिना आणि पावसाळ्यापेक्षा कमी गर्दीचाही. जमल्यास शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी एक रजा टाका. आजारपणासाठी आपण रजा राखून ठेवतोच, त्यातली एक मित्रांसाठी खर्च केली तर बिघडत नाही.

कुठं जातो आहोत हे थोडं समजून घेऊन गेलात तर दिवस अधिक भरून येईल. हिमालयात किंवा आल्प्समध्ये डोंगराच्या कुशीत जी तळी दिसतात, त्यातली बरीचशी हिमनद्यांनी खडक कोरून केलेली आहेत. सह्याद्रीवर हिमनद्या नव्हत्या. इथला काळा बसाल्ट लाव्हाच्या थरांचा, आणि पडलेलं पाणी कड्यांवरून खाली पळून जाणारं. म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर आज दिसणारे मोठे तलाव जवळजवळ सगळे माणसानं बांध घालून अडवलेले आहेत. भंडारदऱ्याचा तलाव प्रवरा नदीवर आहे. शेंडी गावाजवळ १९१० मध्ये धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये ते पुरं झालं. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत गणली जाई. तेव्हाच्या गव्हर्नरावरून तिला विल्सन धरण म्हणतात. साधारण अकरा टीएमसी पाणी ती अडवते, आणि ते पाणी खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या शेतीला जातं. तलाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास आहे. त्याच्या एका अंगाला राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर, आणि दुसऱ्या टोकाला रतनगड.

तलावाला जुन्या साहेबी नावाऐवजी आता राघोजी भांगरे यांचं नाव दिलेलं आहे. ही गोष्ट आपल्या वाटेशी जोडलेली आहे म्हणून सांगतो. राघोजी याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. इंग्रज सरकार आणि सावकार यांच्याविरुद्ध त्यांनी १८४० च्या दशकात डोंगरातून बंड उभं केलं. २ मे १८४८ ला त्यांना फाशी झाली ती ठाण्याच्या तुरुंगात. भंडारदऱ्याला जाताना ज्या लोकलनं तुम्ही कसाऱ्यापर्यंत जाल, ती त्याच ठाण्यावरून जाते. गाडीत तरुण मुलं असतील तर त्यांना हे सांगा.

आता बेताबद्दल. माझं मुख्य सांगणं एवढंच आहे की बेत आखताना टोळीतल्या सगळ्यात मागे राहणाऱ्या माणसाच्या मापानं आखा. प्रत्येक टोळीत एक जण उत्साही असतो. तो गाडी ठरवतो, हॉटेल ठरवतो, पहाटे चारला निघायचं फर्मान काढतो, आणि सगळे हो म्हणतात. पण त्यातल्या एकाची नोकरी गेल्या वर्षी सुटलेली असते. एकीचा गुडघा दुखत असतो. एकाच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई असते आणि रात्री ठरलेल्या वेळेपर्यंतच बदली बाई थांबणार असते. ही माणसं ‘नाही जमत’ एवढंच म्हणतात, कारण सांगत नाहीत. दुसऱ्यांदा त्यांना कुणी विचारत नाही. तिसऱ्यांदा ती ग्रुपवर असूनही नसतात. मैत्री तुटण्यासाठी भांडण लागतंच असं नाही, अशा दोन-चार सहली पुरतात.

म्हणून तारीख ठरवण्याआधी प्रत्येकाला वेगळा फोन करा. ग्रुपवर विचारू नका, तिथं खरं उत्तर मिळत नाही. पैशाचं आधी बोला आणि आकडा असा ठेवा की ज्याचा हात सध्या अडला आहे त्यालाही मोकळेपणानं हो म्हणता येईल. ‘तुझं मी भरतो’ हे चारचौघांत म्हणणं टाळा, त्यानं माणूस खजील होतो. बेतच स्वस्त ठेवणं हा त्यावरचा चांगला उपाय. आणि आपल्याला तो खरंच स्वस्तात पडतो, कारण कसाऱ्यापर्यंत लोकल जाते. अंधेरीकरांनी मेट्रोनं घाटकोपर गाठावं. बोरिवलीकरांनी दादरला यावं किंवा घोडबंदरमार्गे ठाण्याला. मुलुंडकरांनीही ठाण्यालाच यावं, तिथं कसाऱ्याच्या जलद गाड्या थांबतात. सकाळची गाडी मिळाली की घाटकोपरहून दोन-सव्वादोन तासांत कसारा. टिटवाळ्याच्या पुढं डबा रिकामा होत जातो, खिडक्या मिळतात आणि गप्पा तिथंच सुरू होतात. कसाऱ्याला उतरल्यावर बाहेर जीपवाले असतात. पाच-सहा जण असाल तर दिवसभरासाठी एकच जीप ठरवा, येण्याजाण्याचं आणि तलावाला फेरी मारायचं भाडं आधीच पक्कं करा. सुटं जायचं तर कसाऱ्याहून घोटी आणि घोटीहून शेंडीकडे जाणारी एसटी किंवा जीप. घोटीपासून पुढं साधारण तासाभराचा रस्ता आहे, वाटेत कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव लागतं.

स्वतःची गाडी नेणार असाल तर ती कोण चालवणार हे आदल्या रात्रीच्या झोपेवरून ठरवा. ज्यानं रात्री बारापर्यंत काम केलं आहे त्याच्या हाती पहाटे स्टिअरिंग देऊ नका, मग तो टोळीतला सगळ्यात चांगला चालवणारा का असेना. दोघे चालवणारे असावेत आणि परतीला माणूस बदलावा. आमणे ते इगतपुरी हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाटाला पर्याय झाला आहे. पण त्या सरळ रस्त्यावर डोळा लागतो, आणि दुचाकीला तिथं परवानगी नाही. मोटरसायकलवरून जाणाऱ्या मुलांना मी तर लोकलच सुचवेन. रात्रीच्या वेळी कसारा घाटात ट्रकांच्या रांगेतून दुचाकी काढण्यात कसलीही मजा नाही.

वर पोचल्यावर सगळं पाहण्याचा हट्ट धरू नका. तलावाला वळसा घालणारा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता आहे. त्यावर मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे अशी गावं लागतात. कळसूबाई, रतनगड, साम्रदची सांदण दरी यांतलं एकेक म्हणजे एकेक स्वतंत्र दिवस आहे. तुमच्यातल्या तिघांना रतनगड चढायचा असेल आणि दोघांना चढवणार नसेल, तर या खेपेला गड राहू द्या. तिघं वर आणि दोघं खाली जीपमध्ये पाच तास बसून, अशी सहल झाली की पुढच्या वेळी ते दोघं येत नाहीत. सगळ्यांना मिळून पाहता येतील अशा दोन जागा मी सांगेन. एक घाटघरचा कडा. तिथून खाली एकदम कोकण दिसतं, आपल्या बाजूचा शहापूर तालुका. घाटघरचं पाणी डोंगराच्या पोटातून चारशे मीटरांहून अधिक खाली चोंढ्याला सोडतात, त्यावर वीज तयार होते, आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपानं परत वर चढवतात. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. कड्यावर कठड्याच्या आतच राहा, वारा तिथं जोरात असतो.

दुसरी जागा रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर. शिलाहारांच्या काळातलं हे दगडी शिवालय आणि त्याच्याजवळची कोरीव पुष्करणी पाहायला चढावं लागत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांनाही नेता येईल अशी ती जागा आहे. प्रवरा उगम पावते तो रतनगड अगदी समोर. देवळाच्या ओट्यावर टेकून अर्धा तास बसा. भिंतीवरचं कोरीवकाम निरखत बसलात तरी वेळ पुरणार नाही.

आता पाण्याबद्दल, आणि इथं मला थोडं जास्त बोलू द्या.

शरदातला तलाव शांत दिसतो. पावसाळ्यातल्या ओढ्याची भीती तरी वाटते, इथं ती वाटत नाही आणि धोका तिथंच आहे. ही मुळात दरी होती. पाण्याखाली डोंगराचा उतार आहे, जुन्या खाचरांच्या पायऱ्या आहेत, बांध आहेत, झाडांचे खुंट आहेत. गुडघाभर पाण्यात तुम्ही उभे असता तो एखाद्या बांधाचा माथा असू शकतो, आणि पुढचं पाऊल डोक्याच्या वर पाणी असलेल्या जागी पडतं. काठाची लाल माती भिजली की तिच्यावर पाय ठरत नाही. वरचं पाणी उन्हानं कोमट लागतं, खालचं बरंच गार असतं. स्विमिंग पूलमध्ये पोहता येणं आणि इथं पोहता येणं यांचा संबंध नाही. पाण्यात उतरू नका. पाय बुडवायचे असतील तर गावातल्या माणसाला विचारा, तो जिथं गुरांना पाणी पाजायला नेतो ती जागा दाखवेल, तिथं काठावर बसून बुडवा. नावेतून जायचं असेल तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, आणि नाव जास्त भरलेली दिसली तर सरळ उतरा. दारू प्यायलेला मित्र असेल तर त्याला पाण्याजवळ जाऊच देऊ नका. खरं तर त्या दिवशी दारू घरीच राहू द्या. एक दिवस तिच्याविना भेटता येत नसेल, तर त्यावर मित्र म्हणून वेगळं बोलायला हवं.

बातम्या वाचताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. पाण्यात एक जण बुडतो तेव्हा पुष्कळदा त्याच्यासोबत दुसरा, तिसराही जातो. ते त्याला वाचवायला उडी मारतात. मित्र असतात म्हणूनच मारतात. बुडणारा माणूस समोर येईल त्याला घट्ट मिठी मारतो, ते त्याच्या हातात नसतं, आणि दोघेही खाली जातात. म्हणून मित्रावर खरा जीव असेल तर काठ सोडू नका. पिशवीत पंधरा-वीस मीटर दोर आणि बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन ठेवा. दोराला कॅन बांधून फेकला तर माणसाला तरंगायला पुरेसा आधार होतो. दोर नसेल तर ओढण्या, पंचे एकमेकांना गाठी मारून टाका, लांब काठी पुढं करा, आणि ते करताना काठावर पालथे पडा, उभे राहू नका. हेही माहीत असू द्या की बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो आणि त्याचं तोंड पाण्याबाहेर टिकतच नाही. तो गप्प असतो, मान मागे गेलेली, हातांनी पाणी खाली दाबत असलेला. दोन मिनिटांपूर्वी हसत असलेला मित्र एकदम गप्प झाला तर तिकडे बघा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका, त्यानं अपाय होतो. श्वास चालत नसेल तर तोंडानं श्वास द्या आणि छातीच्या मध्यावर दाब द्या, दोन्ही आलटून पालटून, मदत येईपर्यंत. एकानं ११२ किंवा १०८ ला फोन लावावा. डोंगरात मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, म्हणून जीपवाल्याचा आणि जेवायला सांगितलेल्या घराचा नंबर कागदावर लिहून दोघांच्या खिशात ठेवा. हे प्रथमोपचार एकदा तरी कुणाकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. सोसायटीत एखाद्या रविवारी तासभर शिबिर भरवलं तर ते सहलीपुरतंच नव्हे, इतरही वेळी कामाला येईल.

जेवण गावात घ्या. मुंबईहून पाकिटबंद खाणं नेऊन काठावर रिकामी पाकिटं टाकून येण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करून शेंडी, रतनवाडी किंवा वाटेतल्या एखाद्या घरी जेवण सांगा. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात, मांसाहारी असाल तर गावठी कोंबडी. सांगितल्या वेळेला पोचा, कारण चूल तुमच्यासाठी पेटवलेली असते आणि हे दिवस त्या घरात कापणीचे असतात. भाव करू नका. परतताना तांदूळ, नागली, वरई त्यांच्याकडूनच घ्या. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं म्हणून २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बियाण्याचं धान्य विकत घेणारं कुणीतरी असेल तरच ते शेतात टिकेल, आणि ते आपण असू शकतो.

खाचराच्या बांधावरून चालताना पिकात पाय टाकू नका, कापून पसरलेल्या भातावर तर नाहीच. कापणी करणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. स्पीकर नेऊ नका. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, इथला शांतपणा जितका आपला तितकाच तिथल्या प्राण्यांचाही आहे. कचऱ्यासाठी घरूनच दोन मोठ्या पिशव्या न्या आणि तो भरून थेट मुंबईला आणा. गावात कचरागाडी येत नाही.

दुपारी तीनच्या पुढं आकाशाकडे लक्ष ठेवा. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढग एकाएकी चढतात आणि विजा पडतात. गडगडाट ऐकू आला की कडा, उघडं पठार आणि एकटं झाड सोडून जीपमध्ये किंवा पक्क्या घरात जा. तसंही चारच्या सुमारास निघालंच पाहिजे, म्हणजे अंधार पडण्याआधी घाट उतरून कसाऱ्याला पोचता येतं. लोकलमध्ये बसल्यावर हिशेब तिथंच मिटवा. ज्याच्या घरी बदली बाई थांबलेली आहे, त्याला ठरलेल्या वेळेला पोचवणं ही सगळ्यांची जबाबदारी आहे, त्याची एकट्याची नाही.

ठाण्याला, घाटकोपरला, दादरला एकेक जण उतरत जाईल. बोरिवलीच्या मैत्रिणीला अजून तासभर प्रवास असतो. ती घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत बाकीच्यांनी फोन बंद करू नये.